पेंडीतल्या प्रथिनाचा धागा



सोयाबीनची पोती आडतीवर रिकामी झाली, पट्टी हातात पडली, की आपला त्या मालाशी संबंध संपतो. पुढे तेल निघते, पेंड निघते, एवढे आपल्याला ठाऊक असते. तेल कढईत जाते, पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या पोटात जाते किंवा बोटीत बसून परदेशी जाते. पण एक क्विंटल सोयाबीन विकताना आपण नेमके काय काय विकले, याचा हिशोब फारच थोडे लोक मांडतात.

तो आज मांडू. एका क्विंटल सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० किलो तेल असते आणि ३८ ते ४० किलो प्रथिन असते. बाकी टरफल, पिठूळ भाग, क्षार आणि पाणी. म्हणजे ज्याला आपण तेलबी म्हणतो, त्यात तेलाच्या दुप्पट प्रथिन भरलेले आहे. हे प्रथिन तेल काढल्यावर पेंडीत राहते. या पेंडीतल्या प्रथिनापासून माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक धागा काढता येतो, आणि त्या धाग्याच्या जाळीपासून जखमेची पट्टी, हवा गाळण्याचे कापड, फळे टिकवणारे वेष्टन अशा वस्तू होऊ शकतात. जगभरच्या प्रयोगशाळांत यावर काम चालू आहे. ते काम कसे चालते, त्यात अडते कोठे आणि तुमच्या-माझ्या पदरात त्यातून काय पडू शकेल, हे आज समजून घ्यायचे आहे.

पेंडीचे कापड पूर्वीही झाले होते

पेंडीपासून धागा काढण्याची कल्पना आजची नाही. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० नंतरच्या काळात लोकरीच्या प्रथिनाचा बारकाईने अभ्यास केला. लोकर हेही प्रथिनच. मग शेंगदाण्यातल्या प्रथिनाची लोकर का होऊ नये, असा विचार पुढे आला. ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीने तो उचलून धरला. भुईमुगाच्या पेंडीतले प्रथिन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायचे, ते मुरू द्यायचे, मग बारीक छिद्रांच्या चाळणीतून आम्लाच्या हौदात सोडायचे. आपल्या घरी सोऱ्यातून शेव कढईत पडते तसाच प्रकार. हौदात पडताच त्याचा धागा धरतो. या धाग्याला ‘आर्डिल’ असे नाव दिले होते. ॲस्टबरी यांच्यासाठी तर या धाग्याचा ओव्हरकोट शिवण्यात आला होता. १९५१ मध्ये स्कॉटलंडमधील डम्फ्रीज येथे आर्डिलचा मोठा कारखाना उभा राहिला.

तिकडे अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांना सोयाबीनचे वेड होते. १९४१ मध्ये त्यांनी सोयाबीनचा धागा मिसळलेला सूट घालून लोकांना दाखवला. मक्याच्या प्रथिनापासूनही ‘विकारा’ नावाचा धागा तेथे १९४८ पासून काही वर्षे बाजारात होता.

आज यातले एकही कापड दुकानात मिळत नाही. आर्डिलचा कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. हे धागे मऊ होते, उबदार होते, पण भिजले की त्यांची ताकद जाई. आणि त्याच सुमारास नायलॉनसारखे मजबूत धागे बाजारात उतरले. शिवाय कापड म्हटले की ते टनावारी लागते, धुवावे लागते, वर्षानुवर्षे टिकावे लागते. त्या कसोटीला पेंडीचा धागा उतरला नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की नव्या गोष्टीचा गाजावाजा झाला म्हणजे ती टिकतेच असे नाही. आता जो प्रथिनाचा धागा येऊ पाहतो आहे, तो धोतर-साडीसाठी नाही. थोडक्या मालातून जास्त किमतीची वस्तू करणे, ही त्यामागची दृष्टी आहे.

दाण्यातले प्रथिन बाहेर कसे काढतात?

हे काम आपल्या घरातल्या गृहिणीला चटकन कळेल, कारण पनीर करण्याशी त्याचे नाते आहे. तेल काढून घेतलेला सोयाबीनचा चुरा किंचित खारट-तुरट, म्हणजे अल्कलीयुक्त पाण्यात ढवळला की प्रथिन पाण्यात उतरते आणि चोथा खाली राहतो. चोथा गाळून टाकायचा. मग त्या पाण्यात थोडे थोडे आम्ल घालायचे. सामू साडेचारच्या आसपास आला की, लिंबू पिळल्यावर दूध फाटते तसे हे पाणी फाटते आणि प्रथिनाचा पांढरट साका तळाशी बसतो. सामू हा शब्द माती परीक्षणाच्या पत्रिकेमुळे तुम्हाला नवा नाही. हा साका धुऊन, वाळवून जी भुकटी होते तिच्यात ९० टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिन असते. एका क्विंटल सोयाबीनमधून अशी भुकटी साधारण पाव क्विंटल मिळते.

ज्वारीच्या पिठाची शेवई का होत नाही?

आता या भुकटीचा धागा ओढायचा. पण येथेच खरी अडचण आहे, आणि हा लेख ज्या ‘संकरित’ धाग्याविषयी आहे, त्याचे मूळ याच अडचणीत आहे.

उन्हाळ्यात घरोघरी शेवया होतात. गव्हाचा रवा भिजवून, तिंबून, हाताने ओढत ओढत केसासारखी शेवई काढणाऱ्या सुगरणी अजून गावात आहेत. ज्वारीच्या पिठाची अशी शेवई कोणी ओढून दाखवील काय? ओढायला गेले की पीठ तुटते. कारण गव्हात चिकटा असतो. त्याच्या लांब लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून ओढले तरी पीठ तुटत नाही, लांबते. ज्वारीत तो गुंता नाही.

सोयाबीनच्या प्रथिनाची स्थिती ज्वारीच्या पिठासारखी आहे. त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे लांब साखळीच, पण ती लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती घट्ट गुंडाळलेली असते. दहा गुंडे टोपलीत ठेवले म्हणून ते एकमेकांत गुंतत नाहीत. आधी ते उलगडावे लागतात. त्यासाठी प्रथिनाचे द्रावण गरम करतात आणि त्यात थोडी अल्कली घालतात. तेवढ्यानेही पुरेसा गुंता होत नाही. म्हणून ज्वारीच्या पिठाला गव्हाची जोड द्यावी, तशी प्रथिनाला दुसऱ्या लांब साखळीच्या पदार्थाची जोड देतात. या लांब साखळीच्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात.

पॉलिमर शब्दाने बिचकू नका. लहान लहान रेणू कड्यांसारखे जोडून झालेली साखळी म्हणजे पॉलिमर. ठिबकच्या नळ्या, नायलॉनचे दावे, मल्चिंगचा कागद ही सगळी पॉलिमरचीच रूपे. प्रथिनाबरोबर मात्र अशी जोडी लागते, जी पाण्यात विरघळेल आणि प्रथिनाशी भांडणार नाही. त्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पदार्थ पुष्कळ वापरतात. नावात अल्कोहोल असले तरी दारूशी त्याचा काही संबंध नाही. कापड गिरणीत ताण्याच्या सुताला जी खळ लावतात, तिच्यात हा पदार्थ वापरला जातो. काही गोंदांतही तो असतो. याशिवाय पॉलिइथिलीन ऑक्साइड, मक्याच्या साखरेपासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल अशा जोड्याही लावून पाहिल्या आहेत.

तर असा हा संकर. आपण संकरित ज्वारी, संकरित गायी पाहिल्या. येथे शेतातले प्रथिन आणि कारखान्यातला पॉलिमर यांचा संकर आहे. पॉलिमर धाग्याला ताकद आणि सलगपणा देतो. प्रथिन त्याला असे गुण देते जे नुसत्या प्लास्टिकला नसतात. शरीराच्या पेशी प्रथिनाला चांगल्या धरतात, जिवाणू त्याला कुजवू शकतात, आणि औषधासारखे पदार्थ धरून ठेवून हळूहळू सोडण्याची सोय त्यात करता येते.

विजेने सूत ओढणे

चरख्यावर सूत हाताने ओढले जाते, गिरणीत यंत्राने ओढले जाते. येथे ते विजेने ओढले जाते. म्हणून या रीतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. आपण त्याला विजेची सूतकताई म्हणू.

हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला, की कपटे उडून कंगव्याला चिकटतात. ही स्थिर विजेची ओढ. सन १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्रज विद्वानाने पाहिले की घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ धरला, तर थेंबाचे शिखर त्याच्याकडे टोकदार होऊन ओढले जाते. हीच ओढ पुढे धाग्याच्या कामी आली. अंतोन फॉर्महाल्स यांना १९३४ मध्ये विजेने धागा काढण्याच्या रीतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. थेंबाचा जो टोकदार शंकू होतो, त्याचे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले. त्यावरून त्या शंकूला टेलरचा शंकू असे नाव पडले. १९९० नंतर अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीवर पुन्हा जोमाने काम केले, आणि मग ती जगभर पसरली.

प्रयोगशाळेतली मांडणी दिसायला अगदी साधी. डॉक्टर वापरतात तशी एक सिरिंज, तिला बोथट सुई. सिरिंजमध्ये प्रथिन आणि पॉलिमरचे काकवीसारखे दाट द्रावण. सुईपासून १० ते २० सेंटिमीटरवर धातूचा पत्रा किंवा फिरता ढोल. सुईला विजेचे एक टोक जोडायचे, दुसरे पत्र्याला. द्रावण अगदी सावकाश, तासाला एखादा मिलिलिटर अशा बेताने पुढे ढकलायचे. विजेचा दाब १५ ते २५ हजार व्होल्ट.

सुईच्या टोकावर आलेला थेंब या दाबाने ताणला जातो, शंकू होतो आणि शंकूच्या टोकातून एक बारीक धार निघते. ही धार थोडे अंतर सरळ जाते आणि मग चाबकासारखी गरगर फटकारू लागते. त्या फटकाऱ्यात ती ओढली जाऊन बारीक बारीक होत जाते. वाटेतच तिच्यातले पाणी उडून जाते आणि पत्र्यावर कोरडा धागा पडतो. काही तासांनी पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पापुद्रा जमतो. हीच ती जाळी.

द्रावण पातळ झाले तर धाग्याऐवजी नुसते थेंब उडतात, किंवा धाग्यात मण्यांसारख्या गाठी येतात. फार दाट झाले तर सुई तुंबते. हवा दमट असली तर पावसाळ्यातल्या पापडासारखी गत होते. धागा वाटेत वाळत नाही, ओलाच पडून चिकटतो. तेव्हा खोलीतली हवासुद्धा बेताची कोरडी ठेवावी लागते.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. घरातली वीज २३० व्होल्टची, शेतावरून जाणारी मोठी लाइन ११ हजारांची. या कामातला दाब त्याहूनही जास्त असतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रात प्रवाह फार थोडा ठेवलेला असतो आणि बंदिस्त पेटीत काम चालते. शाळकरी पोरांनी जुन्या टीव्हीचे भाग काढून घरी असले काही करून पाहू नये. आई-बापांनी याकडे लक्ष द्यावे.

किती बारीक?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० हजार नॅनोमीटर जाड असतो. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटरच्या घरातला. विजेने ओढलेला हा धागा मात्र बहुधा १०० ते ५०० नॅनोमीटरचा असतो.

२०० नॅनोमीटरचा धागा धरून हिशोब केला, तर एका ग्रॅममधून सुमारे २४ हजार किलोमीटर लांबीचा धागा होतो. म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी मालात पृथ्वीला एक वेढा पडेल. त्याच एका ग्रॅमच्या धाग्यांचा सगळा पृष्ठभाग मोजला तर तो १५ चौरस मीटर, म्हणजे दीडशे चौरस फुटांहून अधिक भरतो. घरातल्या एका खोलीच्या जमिनीएवढा. या मोठ्या पृष्ठभागातच या जाळीचे मोल आहे. धूळ अडवायची असो, औषध धरायचे असो की वास शोषायचा असो, ते काम पृष्ठभागावरच होते.

काय उपयोग झाला आहे?

आता तुमच्या मनातला प्रश्न. हे सगळे ठीक, पण याचे झाले काय?

पहिले उदाहरण फळांचे. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरचे नानयांग तांत्रिक विद्यापीठ आणि अमेरिकेचे हार्वर्ड विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी अन्न टिकवणाऱ्या एका वेष्टनाचे काम जाहीर केले. त्यात मक्याचे ‘झेन’ नावाचे प्रथिन आणि स्टार्च वापरले होते आणि धागा विजेच्या सूतकताईनेच काढला होता. हे प्रथिन मक्यापासून स्टार्च काढताना मागे राहणाऱ्या पिवळ्या चुऱ्यात भरपूर असते. धाग्यात थाइम नावाच्या, ओव्यासारख्या वासाच्या वनस्पतीचे तेल आणि लिंबातले आम्ल भरून ठेवले होते. वेष्टनाच्या आत ओलावा वाढला किंवा जंतूंची वाढ सुरू झाली की धाग्यातून ते जंतुनाशक पदार्थ सुटत. या वेष्टनात ठेवलेल्या स्ट्रॉबेरी सात दिवस बुरशीवाचून राहिल्या. नेहमीच्या प्लास्टिकच्या डबीतल्या चार दिवसच राहिल्या.

तीन दिवसांचा फरक म्हणजे काय, हे महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्याला सांगायला नको. माल मुंबईच्या बाजारात पोचून गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत एकेक दिवस मोलाचा असतो. हे वेष्टन अजून आपल्या बाजारात आलेले नाही. पण मक्याच्या शेतातले प्रथिन स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण जखमेच्या पट्टीचे. २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्याच एका गटाने सोयाबीनचे प्रथिन आणि सेल्युलोज ॲसिटेट यांच्या संकरित नॅनो धाग्याची पट्टी उंदरांच्या जखमांवर लावून पाहिली. जखमा लवकर भरून आल्या. येथे धागा विजेने नव्हे, जत्रेत ‘म्हातारीचे केस’ करतात तसा गरगर फिरणाऱ्या भांड्यातून काढला होता. रीत वेगळी, पण माल तोच. आपल्या कातडीखालीही प्रथिनाच्या बारीक तंतूंची जाळीच असते. त्यामुळे नव्या पेशींना ही पट्टी परकी वाटत नाही. माणसांच्या दवाखान्यात अशी वस्तू येण्यापूर्वी तिच्या पुष्कळ चाचण्या व्हाव्या लागतात, हे मात्र विसरू नये.

अडते कोठे?

पहिली अडचण वेगाची. एका सुईतून तासाला एक मिलिलिटर द्रावण जाते. त्यात दहा टक्के माल धरला तर तासाला एक दशांश ग्रॅम धागा पडतो, आणि त्यातला निम्मा पॉलिमर. एका क्विंटल सोयाबीनमधून निघालेली पाव क्विंटल प्रथिनाची भुकटी एका सुईने कातायची म्हटले, तर रात्रंदिवस काम करूनही ५७ वर्षे लागतील! यावर तोड म्हणून चेक देशातील लिबेरेत्स येथील तांत्रिक विद्यापीठात ओल्ड्रिख यिर्साक आणि सहकाऱ्यांनी सुईच काढून टाकली. द्रावणात बुडणाऱ्या फिरत्या ढोलाच्या पृष्ठभागावरून एकाच वेळी असंख्य धारा उडवण्याची रीत त्यांनी बसवली. अशी मोठी यंत्रे आता कारखान्यांत आहेत. पण प्रत्येक नव्या मिश्रणाला ती जुळवून घ्यावी लागतात.

दुसरी अडचण पाण्याची, जी आर्डिललाही होती. सोया प्रथिन आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांची जाळी पाण्यात टाकली तर फुगते किंवा विरघळून जाते. म्हणून साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी जोडाव्या लागतात. गोधडीला टाके घालतो तसे. त्यासाठी उष्णता देतात किंवा रसायन वापरतात. काही रसायने विषारी असतात. ती जखमेच्या पट्टीत किंवा अन्नाच्या वेष्टनात राहून चालत नाहीत. लिंबातल्या सायट्रिक आम्लासारखी सौम्य साधने म्हणूनच शोधली जात आहेत.

तिसरी गोष्ट कुजण्याची. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा मूळचा खनिज तेलाच्या किंवा वायूच्या घरातला पदार्थ. तो पाण्यात विरघळतो, पण विरघळणे म्हणजे कुजणे नव्हे. त्याला खाणारे जिवाणू ठराविकच. तेव्हा ‘सोयाबीनपासून केलेले’ अशी चिठ्ठी लावली म्हणून ती वस्तू शेणखतासारखी मातीत मिळून जाईल, असे समजू नये. सोबतीचा पॉलिमर कोणता, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आपल्या पदरात काय?

गावोगावच्या बैठकांत लोक मला रोकडा सवाल करतात. “साहेब, यानं आमचा भाव वाढंल का?” मी त्यांना रोकडेच उत्तर देतो. नुसत्या या धाग्याने सोयाबीनचा भाव वाढणार नाही. याला माल थोडा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बऱ्याच बाजारांत माल त्याच्या खाली विकला गेला. पुढच्या हंगामासाठी, २०२५-२६ साठी, तो ५,३२८ रुपये ठरला. ही जी घासाघीस चालते, तिच्यामागे तेलाचे आणि पेंडीचे जागतिक भाव असतात. ग्रॅमने मोजायच्या धाग्याने ती मिटणार नाही.

पण या विषयाने एक मोठी गोष्ट उघड होते. डेअरीत दूध घातले की फॅट आणि एसएनएफ मोजून भाव मिळतो. चांगले दूध देणाऱ्याला दोन पैसे जास्त. सोयाबीनची मात्र ओल पाहतात, काडी-माती पाहतात, डागी दाणा पाहतात. आत प्रथिन किती, हे आपल्या बाजारात सहसा कोणी पाहत नाही. पेंडीचा व्यापार मात्र प्रथिनाच्या टक्क्यांवरच चालतो! म्हणजे आपण जे मोजून घेत नाही, ते पुढचा मोजून विकतो. प्रथिनापासून खाद्य होवो, पेय होवो की नॅनो धागा होवो, आपल्या दारात प्रथिन मोजले जाणार नाही तोवर त्या वाढीव किमतीतला वाटा आपल्याकडे यायला वाटच नाही.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक. दाणा नीट राखा. शेंगा पक्व होताच काढणी करा, गंजीवर ताडपत्री टाका. मळणीच्या वेळी थ्रेशरच्या ड्रमची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आत ठेवा, म्हणजे दाणा फुटणार नाही. उन्हात पातळ पसरून १२ टक्क्यांच्या आत ओल आणा. भिजलेला, बुरशी धरलेला दाणा चांगल्यात मिसळू नका. बुरशीने आणि साठवणीतल्या उबाऱ्याने प्रथिन बिघडते. ते मग पाण्यात नीट उतरत नाही.

दोन. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने माल विकत असाल, तर वाणवार ढीग वेगळे ठेवा आणि प्रत्येक ढिगाचे प्रथिन तपासून घ्या. प्रकाशकिरणांनी दाण्यातले प्रथिन आणि तेल एक-दोन मिनिटांत सांगणारी यंत्रे आहेत. एकट्याला ते यंत्र परवडणार नाही, पाचशे घरांना मिळून परवडू शकते. दोन-तीन हंगामांचे आकडे वहीत लिहिलेले असतील, तर मोठ्या खरेदीदारापुढे बोलायला तोंड राहते.

तीन. तुमची कंपनी पेंडीचा कारखाना काढण्याच्या विचारात असेल, तर हा मुद्दा तज्ज्ञाला आधीच विचारा. खाद्यासाठीची पेंड चांगली शेकून काढतात, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारे घटक असतात. ते उष्णतेने मरतात. पण त्याच उष्णतेने प्रथिन घट्ट होऊन पाण्यात विरघळेनासे होते. घाण्यातून निघालेल्या गरम पेंडीचेही तेच. प्रथिनाची भुकटी काढायची तर कमी उष्णतेवर तयार केलेला पांढरा चुरा लागतो. म्हणजे कोंबडीखाद्याचा कारखाना एक आणि प्रथिनाचा कारखाना दुसरा. यंत्रे बसवल्यावर हे कळून उपयोग नाही.

चार. पोरी-पोरे शास्त्र शाखेत शिकत असतील, तर त्यांच्या कानावर हा विषय घाला. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. कापसातल्या सेल्युलोजपासून नॅनो माल करण्याचा प्रायोगिक कारखाना तेथे २०१५ मध्ये सुरू झाला. माटुंग्याच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ पासून जालन्यात, म्हणजे सोयाबीनच्या पट्ट्यातच आहे. सोयाबीन पिकवणाऱ्याच्या घरातले पोर त्याच सोयाबीनच्या रेणूवर काम करू लागले, तर ते आपले प्रश्न घेऊन तेथे जाईल.

पाच. ‘नॅनो’ हा शब्द ऐकून खिशात हात घालू नका. घरबसल्या धागा काता, माल आम्ही परत घेतो, आधी यंत्राचे पैसे भरा, असे कोणी सांगत आला, तर त्याला वर सांगितलेला ५७ वर्षांचा हिशोब दाखवा. हे काम प्रयोगशाळेचे आणि मोठ्या कारखान्याचे आहे, माजघरातले नाही.

शेवटी एवढेच सांगतो. सोयाबीनचे प्रथिन एकट्याने धागा होत नाही. त्याला लांब साखळीची सोबत लागते, तेव्हा कोठे तो ओढला तरी तुटत नाही. पण त्याच्याही आधी दाण्यातल्या प्रथिनाचा आकडा आपल्या हाती हवा. येत्या हंगामात काटा होण्यापूर्वी एक पायली दाणा बाजूला काढून त्याची तपासणी करून घ्या आणि आकडा पट्टीच्या मागे लिहून ठेवा.